कर कुठे घ्यायचा? मीठ, मोहाची फुलं आणि वीस नंबरी सूत



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आमच्या घरातली दोन मुलं धंद्यात आहेत. सगळे एकत्र जमले की गप्पांची गाडी फिरून फिरून करावरच येते. एक म्हणतो, या करांच्या कटकटीमुळे आपल्याकडे कोणी नवं काही करायला धजत नाही. दुसरा म्हणतो, काही नाही रे, ज्याच्या डोक्यात काही आहे तो करतोच. मी दोघांचंही ऐकते. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे, आयुष्य गेलं मराठी आणि इतिहास शिकवण्यात. पण या भांडणाचा निकाल इतिहासात शोधता येईल असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच. लांबला तर सांभाळून घ्या, मास्तरकीची सवय!

सुरुवात आमच्या मोऱ्यापासूनच करते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघालं की समोर लागतं ते मोरा बंदर. तिथून उरण अगदी जवळ. आज उरण वेगळा तालुका आहे, पण एकोणिसाव्या शतकात हा सारा भाग पनवेल तालुक्यात आणि ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८८३ साली तो कुलाब्याकडे आला. या टापूचं नाव त्या काळी दोन गोष्टींसाठी होतं, मीठ आणि दारू! आणि या दोन्ही गोष्टी सरकारच्या फार लाडक्या होत्या, कारण दोन्हींवर कर बसवणं सोपं होतं.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. करसुधारणा हा शब्द आपण जणू काल-परवाच ऐकला, पण मुंबई इलाख्यात एक मोठी करसुधारणा १८४४ साली झाली होती. पेशवाईपासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, आपल्याकडे मोहतर्फा नावाचा कर असे. तो कारागिरांवर आणि धंदेवाल्यांवर असायचा. कोष्ट्याच्या मागावर, तेल्याच्या घाण्यावर, दुकानावर. म्हणजे कोष्ट्याने घरात आणखी एक माग उभा केला की कर वाढलाच. बलुत्यांवरही पट्ट्या होत्या. शिवाय शहरात माल आणताना नगरजकात. वाटेतल्या नाक्यांवरची जकात त्याच्या काही वर्षं आधीच उठली होती. १८४४च्या १९व्या कायद्याने ही नगरजकात, मोहतर्फा, बलुत्यांवरच्या पट्ट्या, सगळं एका फटक्यात रद्द झालं. ऐकायला किती छान! कारागिराने माग वाढवावा, घाणा वाढवावा, कोणी विचारणार नाही.

पण सरकारला पैसा तर हवाच होता. तो काढला मिठातून. मिठावरचा कर मणाला आठ आणे होता, तो एकदम एक रुपया केला. सुरतेला लोक रस्त्यावर आले, मोठी दंगल झाली. मग सरकार थोडं नमलं आणि दर बारा आण्यांवर आला. आठाचे बारा झाले ते झालेच. आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ना, त्यातला प्रकार. कोष्ट्याला मागावर सूट मिळाली आणि त्याची भरपाई कोष्ट्यासकट प्रत्येकाच्या भाकरीतल्या मिठाने केली. मला वाटतं, कोणतीही करसुधारणा आली की हा प्रश्न आधी विचारावा: कोणाला सूट मिळाली, आणि तिचे पैसे कोणी भरले?

आता उरणच्या मिठागरांकडे. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं, मीठ गोळा करून रास घालायची. पाऊस पडेपर्यंत काम. पिढ्यान् पिढ्या आगरी लोकांच्या हातातली ही विद्या. पाणी किती दिवस ठेवायचं, कुठल्या टप्प्याला पुढच्या खाचरात सोडायचं, हे पुस्तकात नव्हतं, हातात होतं. अशा धंद्यात सुधारणेला खूप जागा असते. पण पुढे काय झालं बघा. मिठाचा कर वाढत गेला, १८८२ साली तो मणाला दोन रुपयांवर उतरवला, पण १८८८ साली पुन्हा अडीच रुपये झाला. मण म्हणजे साधारण ३७ किलो. मीठ काढायचा खर्च मणाला काही आण्यांचाच. आता विचार करा, एखाद्या आगऱ्याने डोकं लढवून खर्च एक आणा कमी केला, तरी गिऱ्हाइकाच्या हातात पडणाऱ्या मिठाची किंमत हलणार किती? वर अडीच रुपयांचा डोंगर तसाच!

दुसरी गोष्ट पहाऱ्याची. कर जितका जड तितकी तो चुकवण्याची ओढ मोठी, आणि तितका पहाराही कडक. परवान्याशिवाय मीठ करायचं नाही आणि कर भरल्याशिवाय आगराबाहेर न्यायचं नाही, हा नियम. १८९०च्या मुंबई मीठ कायद्याने तो आणखी पक्का केला. पहारा ठेवायला सोपं जावं म्हणून सरकारला आगरं थोडी आणि एकत्र हवीत. लहान, आडबाजूची आगरं म्हणजे त्याला डोकेदुखी. म्हणजे माणूस धंदा कसा चांगला करील हा प्रश्नच उरला नाही. त्याच्यावर नजर कशी ठेवता येईल, हाच उरला.

दारूचीही तीच गोष्ट. मुंबईला लागणारी मोहाची दारू बऱ्याच अंशी उरणच्या भट्ट्यांतून जायची. भट्ट्यांचे मालक पारशी, मोहाची फुलं गुजरातेकडून येत. १८७८च्या अबकारी कायद्यानंतर सरकारने दारू गाळण्याचं काम ठरावीक जागी गोळा करण्याचा सपाटा लावला, म्हणजे कर तिथेच, भट्टीच्या दारात, वसूल करता येईल. मग सरकारच्या लक्षात आलं की रानात मोहाची झाडं आहेत तोवर चोरून गाळणं थांबणार नाही. म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर कायदा आला. परवान्याशिवाय फुलं साठवायचीही नाहीत! आता मोहाचं फूल म्हणजे नुसती दारू नव्हे. कातकरी आणि ठाकरांच्या घरी ते खाल्लं जातं, वाळवून ठेवलं जातं, विकून चार पैसे येतात. मोठ्या भट्टीवाल्याला या सुधारणेने बाजार बांधून दिला, आणि रानातल्या बाईच्या टोपलीतलं फूल गुन्ह्याचं झालं.

दारूचं कौतुक करायचा माझा हेतू नाही, गैरसमज नको. मुद्दा एवढाच की कर गोळा करणाऱ्याची सोय ही लहान माणसाच्या धंद्याला कुंपण घालते, आणि कुंपणाबाहेर राहिलेल्याची हुशारी मग नवं काही करण्यात जात नाही, पहारा चुकवण्यात जाते.

मिठाच्या बाबतीत हे सरकारला तोंडावर सांगणारा माणूस आपलाच होता. नामदार गोखल्यांचं १९०२ सालचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण प्रसिद्ध आहे. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते आहे तर मिठाचा कर कमी करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. १९०३ साली कर आठ आण्यांनी उतरला, १९०५ साली आणखी आठ आणे, आणि १९०७ साली मणाला एक रुपयावर आला. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. पुढचा सत्याग्रहाचा इतिहास आपण सगळे जाणतो, तो इथे सांगत नाही. मिठावरचा कर पूर्ण उठला तो १ एप्रिल १९४७ला. त्यानंतरची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते. १९४८ साली सरकारने दहा एकरांपर्यंतच्या मिठागरांना परवान्याची अट काढून टाकली. स्वातंत्र्याच्या वेळी आपला देश मिठासाठी काही प्रमाणात परदेशावर अवलंबून होता, तो १९५३पर्यंत स्वयंपूर्ण झाला. सगळं श्रेय कर उठण्याला देणार नाही मी, पण कुंपण काढल्यावर लोकांनी हातपाय हलवले हे खरं. आमच्या उरणच्या मिठागरांची बरीच जमीन पुढे नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी गेली, ती कथा वेगळी.

आता समुद्र ओलांडून मुंबईच्या गिरण्यांत जाऊ, कारण कराने नव्या युक्तीला कशी खीळ बसते याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तिथे आहे. सुताला नंबर असतो हे गिरणगावात राहिलेल्यांना सांगायला नको. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात तो त्याचा नंबर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. आपल्या गिरण्या तेव्हा मुख्यतः जाडं सूत काढायच्या, बारीक सूत आणि तलम कापड यायचं मँचेस्टरहून. आपल्या लोकांना पुढे जायचं होतं. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेतली, तिचं नाव ‘स्वदेशी’ ठेवलं आणि बारीक सुताच्या मागे लागले. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस इथे पिकेल का, याचाही त्यांनी ध्यास घेतला होता.

आणि १८९४च्या डिसेंबरात सरकारने काय करावं? तिजोरीत पैसा नव्हता म्हणून बाहेरून येणाऱ्या कापडावर आणि सुतावर पाच टक्के कर बसवला. त्याबरोबर मँचेस्टरवाल्यांची तक्रार नको म्हणून आपल्या गिरण्यांच्या वीस नंबरावरच्या सुतावरही पाच टक्के! नीट पाहा हं. जाडं सूत काढा, कर नाही. बारीक काढायला गेलात, पाच टक्के. म्हणजे नवं शिकण्यावरच कर. वर्गात ज्याने पुढचा धडा स्वतःहून वाचला त्यालाच दंड करावा, तसं झालं. १८९६ साली सुतावरचा कर काढला, पण गिरणीत विणलेल्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के बसवला. बाहेरच्या कापडावरही साडेतीनच. गोखल्यांनी १९०२च्या त्याच भाषणात हा करही काढा म्हणून सांगितलं होतं. तो थांबला १९२५च्या डिसेंबरात आणि १९२६ साली कायमचा गेला. तीस वर्षं! या तीस वर्षांत जपानी गिरण्या कुठल्या कुठे गेल्या.

इथे मला घरातल्या पहिल्या मुलाला सांगावंसं वाटतं की बाबा रे, कर आहे म्हणून उद्योग अडत नाही. तो कुठल्या जागी बसवला आहे त्याने अडतो. तेवढाच पैसा जाड्या-बारीक सगळ्यावर सारखा घेतला असता तर टोचला असता, पण बारीक सुताकडे जाणारी वाट तरी अडली नसती.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते आपले झाले. अर्थमंत्री तर आपल्या रायगडातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. त्यांच्या काळात, १९५३ साली, जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला गेला. पण मोह जुनाच, जिथे पकडता येतं तिथे पकडा. यंत्रमागाचं उदाहरण घ्या. मोजके माग असलेल्या छोट्या कारखान्याला उत्पादन शुल्कात सूट होती. हेतू चांगला, लहान माणूस जगावा. पण झालं काय, की कारखाना मोठा करण्याऐवजी माणसं तो कागदावर तोडू लागली. चार माग बायकोच्या नावाने, चार भावाच्या, चार मेहुण्याच्या. एका छपराखाली चार कारखाने! मोठं यंत्र घेणं, नवा माग आणणं यापेक्षा लहान दिसत राहणं फायद्याचं. मोहतर्फ्याने मागावर कर घेऊन जे साधलं, तेच इथे सुटीने साधलं. कोणी वाढेनाच.

जकातीने तर नकाशाच बदलला. मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर भिवंडीकडे ठेवू लागले आणि लागेल तसा आत आणू लागले. भिवंडीच्या रस्त्याला दुतर्फा ती गोदामांची रांग उभी राहिली त्यात जकातीचा वाटा मोठा आहे. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, मुंबईची मात्र १ जुलै २०१७पर्यंत राहिली. याला हुशारी म्हणायचं का? म्हणायचंच. पण ही हुशारी वस्तू चांगली करण्यात गेली नाही, गोदाम कुठे बांधायचं यात गेली.

मग सुधारणेने खरंच फायदा होतो का? होतो, आणि त्याचीही उदाहरणं आहेत. पूर्वी सुतावर कर, मग त्या कराच्या रकमेसकट कापडावर कर, मग कपड्यावर, असा करावर कर चढायचा. १९८६ साली विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना मॉडव्हॅट आला, म्हणजे कच्च्या मालावर भरलेला कर पुढच्या करातून वजा मिळू लागला. १९९४ साली ही वजावट यंत्रसामग्रीलाही मिळाली. ही गोष्ट दिसायला हिशेबातली, पण फार महत्त्वाची. नवं यंत्र घेणाऱ्यावर दोनदा कर पडणं कमी झालं. चीनने हीच वजावट यंत्रांसाठी २००४ साली आधी आपल्या ईशान्य भागात दिली आणि २००९ साली देशभर. तिथेही कारखान्यांनी नवी यंत्रं घ्यायला हात सैल सोडले. उलट उदाहरणही अलीकडचंच आहे. नव्या कंपनीत कोणी हिशेबापेक्षा जास्त दराने भांडवल घातलं तर त्या जादा रकमेला उत्पन्न धरून त्यावर कर, हा ‘एंजल टॅक्स’ २०१२ साली आला. काळा पैसा पकडायचा होता, पण ज्याच्याकडे नुसती कल्पना आहे अशा पोरांनाही नोटिसा गेल्या. २०२४च्या अंदाजपत्रकात तो रद्द केला. वीस नंबरी सुताचाच धाकटा भाऊ!

आपल्या राज्यात विक्रीकराच्या जागी २००५ साली व्हॅट आला आणि २०१७ साली जीएसटी. नाके गेले, ट्रकांच्या रांगा गेल्या, ही मोठीच गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५पासून दरांचे टप्पेही कमी होऊन मुख्यतः ५ आणि १८ टक्के उरले. हे सगळं चांगलंच झालं. पण १८४४चा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथे जवळच राहते. आगरी मसाला आणि सुक्या जवळ्याची चटणी करते. वस्तू उत्तम, वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आसपासही नाही. म्हणजे जीएसटीच्या नोंदणीची तिला गरज नाही. मध्यंतरी मला विचारत होती, “बाई, पुण्याचं गिऱ्हाईक चालतं, मग पणजीचं का नाही?” प्रश्न अगदी बरोबर. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, विक्री कितीही थोडी असो. ऑनलाइन दुकानावर विकायला तर २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत राज्यातल्या राज्यातही छोट्यांना नोंदणी सक्तीची होती. ती अट तेव्हा सैल झाली, पण राज्याची वेस तशीच राहिली. आणि एखाद्या मोठ्या हॉटेलवाल्याला तिचा मसाला आवडला तरी तो नंबर असलेल्याकडूनच घेणं पसंत करतो, कारण तिच्या पावतीवर त्याला वजावट मिळत नाही. नंबर घ्यावा तर दरमहा किंवा तिमाहीला हिशेब भरायचा, त्याला माणूस ठेवायचा. तो खर्च मोठ्या कंपनीला जाणवतही नाही. हिला मात्र एका कामवालीच्या पगाराएवढा पडतो. रस्त्यावरचा नाका गेला, पण तिच्या दारात एक नाका उभा आहेच. फक्त तो कागदाचा आहे.

मी तिला म्हटलं, “तुझं चुकत नाही गं. पण नंबर घेऊन बघ एखादं वर्ष, तोटा वाटला तर सोडता येतो.” ती म्हणाली, “बघते बाई, मोठ्या दिरांना विचारते.” अजून तिचं ठरलेलं नाही.

असो. दोघा मुलांच्या भांडणात माझा निकाल असा. डोकं असलेला माणूस काहीतरी करतोच, हे खरं. पण ते डोकं कुठे चालेल, हे बऱ्याच अंशी कर ठरवतो. उरणच्या खाडीत, गिरणीच्या सुतात, भिवंडीच्या गोदामात माणसांची हुशारी कमी नव्हतीच. ती कधी चांगलं मीठ, बारीक सूत, नवं यंत्र यांच्याकडे वळली, तर कधी पहारा चुकवण्याकडे आणि कारखाना तोडण्याकडे. म्हणून सुधारणा चांगली की वाईट हे जमा झालेल्या रकमेवरून मोजू नये. ती आल्यावर लहान माणसाने आपली हुशारी कशात खर्च केली, ते बघावं. आणि सूट कोणाला मिळाली, पैसे कोणी भरले, हा सुरतेच्या लोकांनी १८४४ साली विचारलेला प्रश्न दर वेळी विचारत राहावं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी मिठागर, माग किंवा घाणा असेल, तर जुन्या पावत्या, परवाने रद्दीत घालू नका. वाचा, आणि मलाही कळवा.